वीज कोणाच्या मालकीची? महाराष्ट्रातल्या शतकभराच्या वादाचा आढावा

४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी, अभियंते आणि कंत्राटी कामगार तीन दिवसांच्या संपावर गेले. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या सरकारी वितरण कंपनी महावितरणच्या पट्ट्यात समांतर वितरण परवाना, म्हणजे त्याच भागात दुसरी वितरक होण्याचा परवाना, मिळावा, असा अर्ज अदानी समूहातील एका कंपनीने राज्य वीज नियामक आयोगाकडे केला होता. संघटनांचा त्याला विरोध होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली, सरकारी वीज कंपन्यांच्या खासगीकरणाचा विचार नाही असे आश्वासन मिळाले आणि संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला. संप एका दिवसात मिटला. पण ज्या प्रश्नावरून तो झाला, तो या राज्यात शंभर वर्षांहून जुना आहे.

वीज सरकारची असावी की खासगी कंपनीची, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी ठाम बोलले जाते. दोन्ही बाजूंकडे खरे अनुभव आहेत आणि दोन्ही बाजू आपल्याला अडचणीचे अनुभव बाजूला ठेवतात. म्हणूनच आजवर काय घडले, कोण काय म्हणते आणि कशाचे उत्तर अजून सापडलेले नाही, हे एका जागी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न एक नाही, तीन आहेत

वीजपुरवठा म्हणजे तीन वेगळी कामे आहेत. पहिले निर्मिती: कोळसा, पाणी, अणू, वायू, ऊन, वारा यांपासून वीज तयार करणे. दुसरे पारेषण: उच्च दाबाच्या वाहिन्यांनी ती दूरवर नेणे. तिसरे वितरण: उपकेंद्रापासून घर, दुकान, कारखाना आणि कृषिपंपापर्यंत ती पोचवणे, मीटर वाचणे, बिल देणे आणि पैसे वसूल करणे.

या तिन्हींचे अर्थकारण सारखे नाही. निर्मितीत अनेक कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करू शकतात. पारेषणात एका मार्गावर दोन वाहिन्या समांतर टाकणे बहुतेक वेळा उधळपट्टी ठरते. वितरणात तारांचे जाळे एकच असणे सोयीचे, पण त्या तारांवरून वीज विकणारे अनेक असू शकतात का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे ‘खासगीकरण’ हा शब्द ऐकला की नेमके कोणत्या कामाचे, हे आधी विचारावे लागते. संपाचा विषय वितरण होता. निर्मितीत मात्र देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक वाटा आज खासगी कंपन्यांचा आहे.

टाटा, मुळशी आणि कोयना

महाराष्ट्रात मोठी वीज आली ती खासगी भांडवलातून. जमशेटजी टाटांनी पाहिलेले जलविद्युतीचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर साकारले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे आली. मुंबई शहरात वितरण आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ पासून होती. उपनगरांसाठी बीएसईएस ही कंपनी १९२९ मध्ये निघाली. पुणे, नागपूर अशा शहरांतही परवानाधारक खासगी कंपन्या वीज पुरवत. १९१० च्या वीज कायद्याने या परवान्यांची चौकट घालून दिली होती. वीज जिथे गिऱ्हाईक तिथे पोचली. खेडी या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली.

याच काळात मालकीच्या वादाला पहिली धार आली. मुळशी खोऱ्यातल्या टाटांच्या धरणासाठी पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. खासगी कंपनीसाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरावा का, हा प्रश्न मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह करून विचारला. सेनापती बापटांमुळे तो महाराष्ट्रभर गाजला. धरण मात्र झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते आणि वीजधोरणही त्यांच्या कक्षेत येत होते. १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना वीज खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी आरंभीच घेतला. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय भारतातले दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे स्पष्ट म्हटले.

स्वातंत्र्यानंतर दिशा ठरली. १९४७ मध्ये मुंबईची वीज-ट्राम कंपनी महापालिकेकडे आली. तीच आजची बेस्ट. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट खुली केली. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने वीजनिर्मिती आणि वितरण राज्यासाठी राखीव केले; मात्र आधीपासून चालू असलेल्या खासगी कंपन्यांना राहू दिले. मुंबईत टाटा आणि बीएसईएस, कोलकात्यात सीईएससी, अहमदाबादेत तिथली कंपनी टिकली ती यामुळे.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. कोयनेवर प्रकल्प उभारण्याचा विचार टाटांनीही पूर्वी केला होता, पण तो पुढे गेला नाही; तो राज्याने उभारला आणि १९६२ पासून तिथली वीज मिळू लागली. नंतर कोराडी, परळी, भुसावळ, नाशिक, चंद्रपूर इथली औष्णिक केंद्रे आली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या कर्जातून वाड्या-वस्त्यांपर्यंत खांब गेले. हे काम नफ्याच्या हिशोबाने झाले नसते, हे खासगीकरणाचे समर्थकही मान्य करतात.

पण कोयनेच्या जलाशयाखालीही शंभरच्या आसपास गावे गेली आणि तिथल्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठीची आंदोलने अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिली. मुळशीत मालक खासगी होता, कोयनेत सरकारी. जमीन गमावणाऱ्याचा अनुभव दोन्हीकडे फारसा वेगळा नव्हता.

मंडळ का दुबळे झाले

कायद्याने वीज मंडळांना आपल्या स्थिर मालमत्तेवर किमान ३ टक्के शिल्लक कमावण्याचे बंधन घातले होते. बहुतेक मंडळांना ते जमले नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात कृषिपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली. मीटर गेला आणि त्याबरोबर मोजमापही गेले. किती वीज शेतीला गेली, किती तारांत जिरली आणि किती आकडे टाकून चोरली गेली, हे कुणालाच खात्रीने सांगता येईना. सगळी न मोजलेली वीज शेतीच्या नावावर टाकणे सोपे झाले.

याचा पुरावा नंतर मिळाला. मंडळ वर्षानुवर्षे वीस टक्क्यांच्या आतली गळती सांगत होते. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि उघड सुनावणीत आकडे तपासले गेले, तेव्हा खरी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे पुढे आले. पुण्याच्या प्रयास या संस्थेने आणि ग्राहक संघटनांनी या तपासणीत मोलाचे काम केले.

राजकीय निर्णयांचा भारही मंडळावर पडत राहिला. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीला मोफत विजेची घोषणा झाली आणि पुढल्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. या काळात राज्यात भारनियमन वाढत गेले. ग्रामीण भागात रोज कित्येक तास अंधार असे.

दाभोळ: खासगी मालकीचा पहिला मोठा धडा

१९९१ च्या आर्थिक संकटात केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली केली. गुंतवणूकदाराला भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देण्यात आली. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ प्रकल्प या धोरणाची सर्वांत गाजलेली कसोटी ठरला. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार. एकूण क्षमता २,००० मेगावॉटच्या वर होती. निविदा मागवल्या गेल्या नव्हत्या. दर डॉलर आणि इंधनाच्या भावाशी जोडलेला होता. मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते. त्यावर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी होती. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे मत देऊन अर्थसाहाय्य नाकारले होते.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला, मंडळ कमी वीज उचलू लागले आणि काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मेमध्ये केंद्र बंद पडले. डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णयप्रक्रियेवर कठोर टीका केली. त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करून प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला.

दाभोळचा अर्थ दोन्ही बाजू वेगवेगळा लावतात. एक बाजू म्हणते, नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, हे खासगीकरणाचे खरे रूप इथे दिसले. दुसरी म्हणते, हे खासगीकरण नव्हतेच. निविदेविना, गुप्ततेत केलेला सरकारी करार होता आणि स्पर्धा असती तर असे झाले नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

२००३ चा कायदा आणि त्यानंतरची घडी

विद्युत कायदा २००३ ने जुन्या घडीची जागा घेतली. औष्णिक निर्मितीला परवाना लागेनासा झाला. मोठ्या ग्राहकांना तारांचे भाडे भरून हव्या त्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची, म्हणजे ओपन ॲक्सेसची, सोय झाली. दर ठरवण्याचे काम सरकारकडून नियामक आयोगाकडे गेले. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्रातले मंडळ विभागले गेले आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या कंपन्या व त्यांची सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. मालकी राज्याचीच राहिली.

या चौकटीत खासगी निर्मिती झपाट्याने वाढली. विजेचा तुटवडा कमी झाला. २०१२ च्या अखेरीस कमी गळती आणि चांगली वसुली असलेल्या भागांतले भारनियमन महाराष्ट्रात थांबले. निविदांमुळे सौरऊर्जेचे भाव तर अविश्वसनीय वेगाने उतरले: २०१० च्या सुमारास युनिटमागे सतरा रुपयांच्या वर असलेला सरकारी दर, २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या निविदेत २ रुपये ४४ पैसे.

मात्र स्पर्धेच्या निविदेनेही सगळी जोखीम कंपनीकडे जात नाही. गुजरातेतल्या मुंद्रा इथल्या टाटांच्या मोठ्या प्रकल्पाने युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे दर देऊन निविदा जिंकली होती. महाराष्ट्र हा त्याच्या पाच खरेदीदार राज्यांपैकी एक. इंडोनेशियाने कोळसा निर्यातीचे नियम बदलले, कोळसा महागला आणि कंपनीने वाढीव भरपाई मागितली. परदेशी कायद्यातला बदल हे दरवाढीचे कारण होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. पण त्यानंतरही केंद्र चालू ठेवायचे तर दराची तडजोड करावी लागेल, ही मागणी राज्यांपुढे येतच राहिली. वीज थांबवणे समाजाला परवडत नाही. करार कितीही पक्का असला तरी वाटाघाटीत कंपनीचे पारडे जड राहते ते त्यामुळे.

सार्वजनिक मालकीच्या बाजूने

या बाजूचे मुद्दे चार आहेत. पहिला, वीज ही जगण्याची गरज आहे. ज्याच्याकडून पैसा सुटत नाही अशा मेळघाटातल्या पाड्यालाही ती द्यावी लागते आणि हे बंधन सार्वजनिक संस्थाच मनापासून पाळते. दुसरा, सरकारी संस्थेला कर्ज स्वस्त मिळते आणि शिल्लक उरली तर ती जनतेकडेच राहते. तिसरा, संकटात शेवटी सरकारलाच पुढे यावे लागते, मग एरवीचा नफा दुसऱ्याने का घ्यावा? चौथा, समांतर परवाना मिळालेली कंपनी ठाणे, नवी मुंबईसारख्या भागांतले जास्त दर देणारे ग्राहक उचलेल आणि शेतकरी व गरीब ग्राहक महावितरणकडे उरतील. मग त्यांना स्वस्त वीज द्यायला पैसा कुठून येणार?

या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा शेजारच्या गुजरातेत आहे. तिथल्या सरकारी वितरण कंपन्या केंद्राच्या वार्षिक मूल्यांकनात सातत्याने वरच्या श्रेणीत असतात. २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेतून शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, गावठाणाच्या फीडरपासून वेगळे करण्यात आले. गावाला पूर्ण वेळ आणि शेतीला ठरावीक तास चांगल्या दाबाची वीज मिळू लागली. सरकारी मालकीतही मोजमाप आणि शिस्त आणता येते, हे यातून दिसते.

खासगी मालकीच्या बाजूने

दुसऱ्या बाजूचेही मुद्दे वजनदार आहेत. सरकारी वितरण कंपनीला थकबाकीदाराची जोडणी तोडताना स्थानिक पुढाऱ्याचा फोन येतो. दर वाढवायचा तर निवडणूक आड येते. तोटा साचला की केंद्राची योजना येऊन कर्ज उचलते. २०१५ च्या उदय योजनेत राज्यांनी वितरण कंपन्यांचे ७५ टक्के कर्ज आपल्या डोक्यावर घेतले. म्हणजे वीज न मिळालेल्या करदात्यानेही ते फेडले. खासगी कंपनीला हा आधार नसतो, म्हणून ती मीटर, रोहित्रे आणि वसुली यांवर पैसा लावते.

या बाजूचा ठळक पुरावा दिल्लीचा आहे. जुलै २००२ मध्ये दिल्लीचे वितरण तीन कंपन्यांकडे गेले. ५१ टक्के खासगी, ४९ टक्के सरकारी. तेव्हा निम्म्याच्या आसपास वीज गळतीत जात होती. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आहे. पण याच दिल्लीत दर वेळच्या वेळी न वाढवल्यामुळे कंपन्यांची भविष्यात वसूल करायची रक्कम हजारो कोटींवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा साचलेल्या रकमा ठरावीक मुदतीत चुकत्या करण्याचा आदेश दिला. गळती खरोखर कमी झाली, हे निर्विवाद. तिचे बिल ग्राहकापुढे अजून यायचे आहे, हेही निर्विवाद.

मधल्या वाटा

मालकी सरकारची आणि काम खासगी कंपनीचे, ही फ्रँचायझीची वाट महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी चोखाळली. २००७ च्या जानेवारीत यंत्रमागांची भिवंडी टोरंट पॉवरकडे दिली गेली. तारा महावितरणच्या राहिल्या. टोरंटने ठरलेल्या दराने वीज घ्यायची, वितरण आणि वसुली करायची. निम्म्याहून अधिक असलेला तोटा काही वर्षांत झपाट्याने उतरला. बिलांबाबत ग्राहकांच्या तक्रारीही तिथे सतत होत राहिल्या, पण आर्थिकदृष्ट्या प्रयोग यशस्वी मानला गेला.

मग तोच साचा इतरत्र लावला गेला आणि निकाल उलटे आले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि जळगाव इथले करार काही वर्षांतच संपुष्टात आले. नागपुरात कंपनी बदलली आणि अखेर २०१९ मध्ये वितरण महावितरणकडे परत आले. तरीही २०२० मध्ये मुंब्रा-कळवा-शीळ आणि मालेगाव इथे नव्या फ्रँचायझी सुरू झाल्या.

ओडिशाचा प्रवास आणखी लांबचा आहे. १९९९ मध्ये वितरण खासगी करणारे ते पहिले राज्य. त्याच वर्षीच्या महाचक्रीवादळाने जाळे उद्ध्वस्त केले. एका विभागातून अमेरिकी कंपनी एईएस २००१ मध्ये निघून गेली. उरलेल्या तीन विभागांतल्या खासगी कंपनीचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. २०२० ते २०२१ दरम्यान चारही विभाग टाटा पॉवरकडे गेले, पुन्हा ५१-४९ अशा वाटणीने. एकाच राज्यात खासगीकरण अपयशी ठरले आणि दुसऱ्यांदा करून पाहिले गेले.

महाराष्ट्राने तिसरा, सहकाराचा मार्गही तपासला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ग्राहकांच्याच मालकीची होती. चार दशके वीज दिल्यानंतर २०११ मध्ये तिचे काम थांबले. घाऊक विजेची महावितरणची थकबाकी डोक्याबाहेर गेली होती. सभासदांची मालकी वसुलीची शिस्त आपोआप आणत नाही, हा तिथला धडा. मुंबईत महापालिकेच्या बेस्टने अनेक दशके भरवशाची वीज दिली. पण विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरायचा की नाही, यावर ग्राहक आणि आयोगापुढे दीर्घ वाद झाला.

मुंबई उपनगरांत तर स्पर्धाच प्रत्यक्ष उतरली. बीएसईएस रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टाटा पॉवरला तिथल्या किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता आली. हजारो ग्राहक बदलले, काहींची बिले उतरली. मागोमाग प्रश्न आले: दुसऱ्याच्या तारा वापरल्याचे भाडे किती, सोडून गेलेल्या ग्राहकाने गरिबांच्या सवलतीचा वाटा द्यायचा की नाही, त्याच रस्त्यावर दुसऱ्या केबल टाकायच्या की नाही. ही प्रकरणे आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि न्यायालये यांच्यात वर्षानुवर्षे फिरली. समांतर परवान्याचा आजचा वाद समजून घ्यायचा तर मुंबईचा हा अनुभव आधी वाचावा लागतो.

गोव्यात मात्र वितरण आजही सरकारचे वीज खाते करते. दर संयुक्त नियामक आयोग ठरवतो. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २०२२ मध्ये टोरंटकडे गेल्यापासून गोव्याचे काय, ही चर्चा तिथेही होत असते.

इतर देशांनी काय केले

ब्रिटनने १९४८ मध्ये वीज राष्ट्रीयीकृत केली आणि १९९० मध्ये खासगी केली. सुरुवातीची बरीच वर्षे दर उतरले. २०२१ मध्ये वायूचे भाव भडकले तेव्हा मात्र अनेक छोटे पुरवठादार बुडाले आणि एक मोठा पुरवठादार सरकारला सांभाळावा लागला. २०२४ मध्ये तिथे ग्रिडचे संचालन सार्वजनिक संस्थेकडे आणले गेले. फ्रान्सने १९४६ मध्ये ईडीएफ स्थापन केली, २००५ मध्ये तिचे काही समभाग विकले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा पूर्णपणे राज्याच्या मालकीची केली. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात घराघरांत वीज पोचवण्याचे काम सार्वजनिक आणि सहकारी संस्थाच करतात, तर कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये फसलेल्या बाजाररचनेने भाव आणि अंधार दोन्ही वाढवले. तिथल्या गैरव्यवहारांतही एन्रॉन होती. कोणताही देश एका टोकावर कायमचा थांबलेला नाही.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न शेतीचा. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे. तिचा भार राज्याचे अंदाजपत्रक आणि उद्योग-व्यापाराचे चढे दर यांवर पडतो. उद्योग ओपन ॲक्सेसने किंवा छपरावरच्या सौरऊर्जेने निघून गेला, तर हा भार कोण उचलणार? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेले जात आहेत. त्यात प्रकल्प खासगी आणि खरेदीदार महावितरण आहे. भार कमी करण्याची ही खरी संधी आहे, पण करार दीर्घ मुदतीचे आहेत. त्यांचा खरा हिशोब काही वर्षांनीच लागेल.

दुसरा प्रश्न कायद्याचा. एकाच भागात अनेक वितरकांना परवानगी देणारे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि १७ वी लोकसभा संपताच रद्दबातल झाले. केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा मसुदा चर्चेला ठेवला. सगळ्यांच्या तारा समाईक केल्या तर त्या सांभाळण्याचा खर्च कोणाचा आणि निवड करायला न मिळणाऱ्या दुर्गम ग्राहकाचे काय, यांची समाधानकारक उत्तरे अजून मिळालेली नाहीत.

तिसरा, स्मार्ट मीटरचा. केंद्राच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत मीटर बसवून सांभाळण्याची कामे खासगी कंत्राटदारांना मिळाली. राज्यात विरोध झाल्यावर सामान्य ग्राहकांना प्रीपेड सक्ती नसेल, असे सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले. घरात कोणत्या तासाला किती वीज वापरली, ही माहिती कोणाची, हा मालकीचाच नवा प्रश्न आहे.

चौथा प्रश्न कामगारांचा. सरकारी कंपन्यांतही खांबावर चढणारा माणूस आज अनेकदा कंत्राटी असतो. मालकी सरकारी राहूनही काम खासगी होत जाते. यावर वादाच्या दोन्ही बाजू फार कमी बोलतात.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत कळीचा प्रश्न नियामकाचा. आयोग स्वायत्त असावा, असे कायदा म्हणतो. पण सदस्यांच्या नेमणुका सरकारच्या हाती आहेत, तज्ज्ञ कर्मचारी अपुरे आहेत आणि दरवाढ पुढे ढकलण्याचा मोह निवडणुकीच्या वर्षात वाढतो.

निष्कर्ष

या साऱ्या अनुभवांतून मालकीविषयी एक सार्वत्रिक नियम निघत नाही. गुजरातेत सरकारी कंपन्या नीट चालल्या, दिल्लीत खासगी मालकीने गळती थांबवली, नागपूर-जळगावात खासगी फ्रँचायझी टिकली नाही, मुळा-प्रवरेत सहकार बुडाला. जिथे यश आले तिथे तीन गोष्टी समान दिसतात: प्रत्येक युनिटचे खरे मोजमाप, जोखीम कोणाची हे स्पष्ट सांगणारा उघड करार आणि सरकार व कंपनी दोघांनाही प्रश्न विचारू शकणारा नियामक. जिथे यातली एक गोष्ट नव्हती, तिथे मालक कोणीही असो, किंमत ग्राहकाने आणि करदात्याने मोजली. म्हणून मालकी बदलण्याचा प्रत्येक प्रस्ताव, आणि आहे तशी ठेवण्याचा प्रत्येक आग्रहही, या तीन कसोट्यांवर तपासला पाहिजे. पारेषण आणि तारांचे जाळे यांवर सार्वजनिक पकड राहावी, निर्मितीत खुली स्पर्धा असावी आणि गरीब ग्राहकाची सवलत इतरांच्या दरात न दडवता अंदाजपत्रकात उघडपणे दिसावी, असा माझा कल आहे. पण तो कल आहे, सिद्धांत नव्हे.

वाचकांना एक विनंती. विद्युत कायद्याच्या कलम ६४ नुसार दर मंजूर करण्याआधी आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. महावितरण, अदानी, टाटा, बेस्ट या साऱ्यांचे दरप्रस्ताव आयोगापुढे येतात, वृत्तपत्रांत त्यांची जाहिरात निघते आणि जनसुनावणी होते. दाभोळच्या करारावर सही झाली तेव्हा अशी सोय नव्हती. आज ती आहे. आपल्या भागाच्या पुढच्या सुनावणीत लेखी हरकत नोंदवा. गळती किती, खरेदी कोणत्या दराने आणि सवलतीचा पैसा कुठून, एवढे तीन प्रश्न जरी विचारलेत, तरी वीज कोणाचीही असो, हिशोब तुमच्यापुढे ठेवावा लागेल.